लग्नाचा कायदा कोणासाठी?

"पुरुषाने पुरुषाशी लग्न करायचे म्हणे! आता एवढेच राहिले होते." टीव्हीवर समलिंगी लोकांची बातमी लागली की आपल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येते. कोणी हसते, कोणी चॅनेल बदलते आणि वयात आलेली मुले समोर बसलेली असली की आई उठून स्वयंपाकघरात जाते. विषय तिथेच संपतो. कुटुंबाच्या पानावर असा विषय घ्यावा का, असे काही वाचक विचारतील. आम्हाला वाटते, तो याच पानावर घ्यायला हवा. कारण हा विषय लग्नाचा आहे, घराचा आहे आणि कायद्यापुढील समानतेचा आहे. या तिन्ही गोष्टींसाठी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या झगडा दिला आहे. तेव्हा हसून सोडून देणे निदान आपल्याला तरी शोभत नाही.

आधी कायद्यात काय झाले ते नीट समजून घेऊ.

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता आणली. तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. दोघे सज्ञान असले, दोघांची राजीखुशी असली, तरी गुन्हा तो गुन्हाच. पोलिसांच्या धमकीला आणि गुपित फोडण्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांना हे कलम फार सोयीचे पडले. ज्याला लुबाडले तो तक्रार तरी कोठे करणार? तक्रार करायला गेला तर तोच आरोपी.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला आणि सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या खाजगी संबंधांपुरते हे कलम घटनेविरुद्ध ठरवले. त्या निकालात न्यायमूर्तींनी बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणाचा आधार घेतला. घटनात्मक नीती माणसाच्या अंगी उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे बाबासाहेबांनी त्या भाषणात सांगितले होते. बहुसंख्यांना काय रुचते, काय किळसवाणे वाटते ही झाली लोकनीती. घटना प्रत्येक माणसाला काय देते ही घटनात्मक नीती. या दोहोंत झगडा झाला तर न्यायालयाने घटनेच्या बाजूने उभे राहावे, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर गावच्या लोकनीतीने आपल्या माणसांची डोकी फोडली होती. पाण्याचा हक्क न्यायालयातून मिळायला १९३७ साल उजाडले.

दिल्लीचा निकाल फार काळ टिकला नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यात एक मुद्दा असा होता की, अशा लोकांची संख्या देशात अगदी नगण्य आहे. संख्या थोडी म्हणून हक्कही थोडा! हा हिशेब आपल्याला परवडेल का? गावात दोनशे घरे त्यांची आणि वीस घरे आपली, असे आयुष्य ज्यांनी काढले त्यांनी याचे उत्तर द्यावे. मूलभूत हक्क डोकी मोजून वाटायचे असते तर घटना लिहायची गरजच नव्हती, निवडणुका पुरल्या असत्या.

पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने २०१३ चा निकाल रद्द केला. सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा राहिला नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ३७७ वे कलमच नाही.

पण गुन्हा नाही म्हणजे लग्न झाले असे नव्हे. तुरुंगाचे दार बंद झाले, तरी लग्ननोंदणी कार्यालयाचे दार उघडलेले नाही. म्हणून अनेक जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे असे की, विशेष विवाह कायदा १९५४ हा धर्म आणि जात न पाहता लग्न लावणारा कायदा आहे, त्यात आम्हालाही जागा द्या. अडचण अशी की त्या कायद्यात ‘पुरुषाचे वय २१, स्त्रीचे वय १८’ अशी भाषा आहे. एक पुरुष आणि एक स्त्री हे त्यात गृहीतच धरले आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि कायद्याची भाषा बदलणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. मतभेद पुढच्या प्रश्नावर झाला. लग्न नाही तर नाही, पण अशा जोडप्याच्या सहजीवनाला सरकारने काही कायदेशीर मान्यता द्यावी की नाही? सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले, द्यावी. उरलेल्या तिघांनी तसा हक्क मानला नाही. तीन विरुद्ध दोन असा निकाल झाला. तृतीयपंथी व्यक्तीने स्त्री-पुरुष नात्यात लग्न केले तर ते सध्याच्या कायद्यांत बसते, हे मात्र पाचही जणांनी मान्य केले. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

इथे वाचक म्हणतील, "लग्नाचा कागद नाही मिळाला तर काय बिघडले? राहू देत की एकत्र." या प्रश्नाचे उत्तर कामगाराच्या घरातच सापडते.

समजा, कारखान्यातला एक कामगार आपल्या जोडीदाराबरोबर वीस वर्षे एका खोलीत राहतो. भाडे दोघे मिळून भरतात, आजारपण दोघे मिळून काढतात. कामगार अचानक वारला. प्रॉव्हिडंट फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या नियमांत ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे हे ठरलेले आहे. नवरा-बायको, मुले, अवलंबून असलेले आईवडील असे ते कुटुंब. त्यांच्यापैकी कोणी हयात असेल, तर बाहेरच्या माणसाच्या नावाचे नामनिर्देशन चालत नाही. म्हातारी आई गावी असेल आणि मुलावर अवलंबून असेल, तर जोडीदाराचे नाव फॉर्मवर लिहिले तरी ते बाद. मृत्युपत्र केलेले नसेल तर वारसा हक्कातही त्याला काही नाही. ज्या भावाने वीस वर्षे तोंड पाहिले नाही तो येऊन पेटी, पासबुक आणि भांडी घेऊन जाऊ शकतो, आणि ज्याने रात्र रात्र उशाशी बसून काढली तो कायद्याच्या लेखी परका. आपल्यापैकी कितीतरी विधवांनी साहेबाच्या टेबलापुढे लग्नाचा दाखला शोधत दिवस काढले आहेत. कागद नसला की काय होते हे त्यांना विचारावे.

सरकारलाही ही अडचण नाकारता आली नाही. २०२३ च्या निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राकडून काही सूचना निघाल्या. अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावे. त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता यावे आणि खात्यावर जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावता यावे. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. रेशनकार्ड, बँक आणि मयत! गरिबाच्या आयुष्यात सरकारशी गाठ पडते ती याच ठिकाणी. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. रेशन दुकानदाराने किंवा कारकुनाने "आमच्याकडे असले काही आलेले नाही" म्हटले की गरीब माणूस पायरी उतरतो.

आता जे आक्षेप आपल्याच माणसांकडून येतात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप, हे शहरातल्या श्रीमंतांचे फॅड आहे. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. श्रीमंत समलिंगी माणसाला वकील मिळतो, स्वतःचा फ्लॅट मिळतो, वेळ पडली तर परदेशही मिळतो. झोपडपट्टीतल्या, चाळीतल्या मुलाला यातले काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहणारा तो मुलगा घरात बोलू शकत नाही, बाहेर गेला तर टवाळी आणि मार. त्यात जात आडवी येतेच. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाच कायद्याची गरज जास्त असते.

दुसरा आक्षेप, लग्न ही पवित्र संस्था आहे, ती आजवर बदलली नाही. हे इतिहासाला धरून नाही. १९१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचे लग्न बेकायदा ठरवले होते, कारण धर्मशास्त्राला ते प्रतिलोम म्हणून मान्य नव्हते. हिंदूंमधील आंतरजातीय लग्नांना सर्वत्र कायदेशीर मान्यता देणारा कायदा १९४९ साली आला. तमिळनाडूत पेरियार यांच्या चळवळीत भटजीवाचून, मंत्रांवाचून स्वाभिमान विवाह लागत. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने असे लग्न कायद्यात बसत नाही असे ठरवले. वर्षानुवर्षे संसार केलेल्या बायका एका निकालाने कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत. ही चूक दुरुस्त करणारी दुरुस्ती अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ साली केली. ज्यांची लग्ने कायद्याला दिसत नव्हती, त्यांनी कायद्याला डोळे उघडायला लावले. आणि आपले काय? आपली लग्ने बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेसमोर बौद्ध पद्धतीने लागतात, पण कायद्याच्या पुस्तकात ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा करा ही मागणी आपण किती वर्षे करीत आहोत! आमचे लग्न आमच्या नावाने ओळखा, असे सरकारला सांगणाऱ्या समाजाने तीच मागणी दुसरा करतो तेव्हा त्याला हसावे काय?

तिसरा आक्षेप, यामुळे कुटुंबे मोडतील. हिंदू कोड बिलाच्या वेळी हेच शब्द ऐकू आले होते. मुलीला वाटा दिला तर भाऊबंदकी होईल, घटस्फोट दिला तर घरे उद्ध्वस्त होतील, असा गदारोळ झाला. बिल रखडवले गेले आणि बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ते कायदे तुकड्या-तुकड्याने झाले. कुटुंबे मोडली नाहीत, बायकांना बोलायला जागा मिळाली. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी नोंदणी केली म्हणून शेजारच्या नवरा-बायकोचा संसार कसा मोडेल, हे आजवर आम्हाला कोणी पटवून दिलेले नाही.

चौथा आक्षेप धम्माचा. पंचशीलातल्या तिसऱ्या शीलात हे बसते का, असे विचारले जाते. आमच्या समजुतीप्रमाणे ते शील फसवणूक, बळजबरी आणि दुसऱ्याच्या संसारात शिरणे यांपासून दूर राहायला सांगते, आणि ते सर्वांना सारखेच लागू आहे. बौद्धांत लग्न हा दोन माणसांचा लौकिक करार मानला जातो. बहुसंख्य बौद्धांच्या थायलंडने २०२४ साली कायदा करून ‘पती-पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असा शब्द घातला. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी जोडप्यांची लग्ने रीतसर नोंदवली जातात. त्याने तिथले विहार ओस पडले नाहीत.

पाचवा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. अत्याचार थांबत नाहीत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आरक्षणावर घाला आहे. अशा वेळी हा प्रश्न आपण का घ्यावा? हे खरे आहे की आपले ओझे आपल्यालाच वाहावे लागते. पण हा प्रश्न बाहेरून आलेला नाही, तो आपल्या घरातही आहे. आणि ज्या दिवशी आपण म्हणू की समानता आधी आम्हाला, मग जमले तर दुसऱ्याला, त्या दिवशी ती समानता उरत नाही, तो वाटा होतो. वाट्यासाठी भांडणारे पुष्कळ आहेत. आपली ताकद घटनेत आहे आणि घटना तुकड्यांत वापरता येत नाही.

या विषयावर बोलण्याचीही किंमत मोजावी लागली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या शंकेलाही, उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. यावरून बाबासाहेबांचा समलिंगी लग्नाला पाठिंबा होता असे कोणी म्हणू नये. तो प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नव्हता. पण माणसाच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना शास्त्राने उत्तर देणे हा गुन्हा नाही, यासाठी ते न्यायालयात उभे राहिले, एवढे आपल्यापुढे आहे. मग आपण घरात का गप्प बसावे?

आता घराकडे वळू. न्यायालय आणि संसद दूर आहेत, पण एक अन्याय असा आहे की जो थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. मुलाने आईला कसेबसे सांगितले की मला मुलींविषयी तसे वाटत नाही, की घरात पहिला उपाय ठरतो, ‘लग्न करून द्या, होईल नीट.’ आणि मग कोणाची तरी मुलगी शोधली जाते, शक्यतो गरीब घरची, तोंड न उघडणारी. तिला काही सांगितले जात नाही. लग्न होते. महिने जातात, वर्षे जातात, मूल होत नाही आणि दोष तिच्या माथी मारला जातो. तो मुलगा आतल्या आत कुढतो, ती मुलगी विनाकारण शिक्षा भोगते. ही फसवणूक आहे. आपण हुंड्याविरुद्ध बोलतो, मुलीला शिकवा म्हणतो. मग दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून वापरायचे, हे आपल्या कोणत्या शीलात बसते?

मुलींच्या वाट्याला तर याहून वाईट येते. एखादीने मैत्रिणीबरोबर राहायचे म्हटले की मोबाइल काढून घेतला जातो, खोलीला कडी लागते, मार बसतो. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. सज्ञान मुलीला घरच्यांनी अडकवून ठेवले होते. न्यायालयाने तिला मोकळे केले आणि सांगितले की, लग्न हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, माणसे निवडूनही कुटुंब होते.

काही घरे मुलाला बाबाकडे नेतात, अंगारा लावतात, नाहीतर गोळ्या-इंजेक्शनवाल्याकडे नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. आणि मुलाला ‘बदलून’ देण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले. जो असा उपचार विकतो तो तुमचा पैसा तर लुबाडतोच, तुमचे लेकरूही पोखरतो.

मग आईवडिलांनी करावे काय? मुलगा किंवा मुलगी बोलली तर ऐकून घ्यावे. लगेच सर्व पटले पाहिजे असे नाही. पण हाकलू नये, मारू नये, आणि कोणाच्याही गळ्यात बांधू नये. नातेवाइकांनी विचारले तर ‘त्याला लग्न करायचे नाही’ एवढे उत्तर पुरते. जे दोघे एकत्र राहतात त्यांनीही कायद्याची वाट पाहत बसू नये. बँकेत संयुक्त खाते करावे, नॉमिनी लावावा. नॉमिनी हा मालक होत नाही, तो फक्त पैसे हातात घेतो, म्हणून जोडीला मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर लिहिले आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते चालते. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. मृत्युपत्र ही मोठ्या लोकांची चैन नव्हे, ते गरिबाचेही हत्यार आहे.

लग्नाच्या हक्काचा निर्णय आता संसदेपुढे आहे आणि संसदेत आपण मते देऊन माणसे पाठवतो. तेव्हा हा प्रश्न कधी ना कधी आपल्यालाही विचारला जाईल. त्या दिवशी कोणाला काय आवडते हे बाजूला ठेवून आपण एवढेच पाहावे, की दोन सज्ञान माणसे राजीखुशीने एकमेकांची जबाबदारी घ्यायला तयार असताना कायद्याने त्यांना दाराबाहेर का ठेवावे. उत्तर म्हणून ‘लोक काय म्हणतील’ याखेरीज काही सुचत नसेल, तर हेच उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावर मिळाले होते, हे आठवावे. या आठवड्यात जेवताना घरात हा विषय निघू द्या. मुलांनाही बोलू द्या आणि आईने या वेळी उठून जाऊ नये.